अरे, आधी गा ना!

परत तेच झालं काल. तिकीट काढून गाणं ऐकायला गेलो आणि गायक मुखड्यापासूनच स्टेजभर पळतोय, उड्या मारतोय, अंतऱ्याला दम लागला की माइक पब्लिककडे, मग पुढची ओळ आम्हीच गायची का? हलूच नका असं नाही म्हणत मी. भीमसेनजी तान घेताना हात, मान, अख्खं अंग हलायचं, पण ते सुरामागून यायचं. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतोय, तिथे लोक रात्र रात्र बसून ऐकायचे, 'हात वर करा' म्हणून ओरडावं नाही लागायचं कोणाला. छातीत श्वासच उरला नाही तर सूर टिकणार कसा यार? आणि तबलेवाला एका जागी बसून जीव तोडून वाजवत होता, त्याच्यावर साधा लाइटसुद्धा नव्हता!