यूटीसी की भारतीय वेळ? महापेहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सर्व्हर सगळे महापेच्या डेटा सेंटरमध्ये, ग्राहक सगळे भारतातले. मग लॉगमध्ये (सर्व्हरच्या कामाच्या नोंदींत) यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवून रात्री दोन वाजता मनात साडेपाच तास मिळवत कशाला बसायचं, असं तुम्ही विचारलंय.

निम्मं मान्य. उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड आपल्याकडे नाही, त्यामुळे एकच तास दोनदा उगवत नाही. लॉगवरच्या आधीच्या लेखात मी 'फक्त यूटीसी' असं सरसकट लिहिलं, ते जरा जास्तच झालं. भारतीय वेळ खुशाल लिहा, पण प्रत्येक ओळीत +०५:३० हा ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, हवाच. 'आयएसटी' ही अक्षरं चालणार नाहीत. आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तीच लावतात.

घोळ होतो तो सरमिसळीने. सर्व्हरचा झोन एशिया/कोलकाता, त्याच्यावरचा कंटेनर (प्रोग्राम चालवायचा वेगळा, बंदिस्त कप्पा) मात्र बहुतेकदा यूटीसीत. ऑफसेट लिहिला नसेल तर दोन्हींचे लॉग एकत्र केल्यावर सर्व्हरवर विनंती येण्याच्या साडेपाच तास आधीच कंटेनरमधून तिचं उत्तर गेलेलं दिसतं. तेही एकाच मशीनवर!

तुम्ही दिलेल्या लॉगच्या नमुन्यात मला ऑफसेटपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. एका ओळीत १०:१५:३०झेड, पुढच्या ओळीत १०:१५:३०.५झेड (शेवटचा झेड म्हणजे यूटीसी). मजकूर म्हणून सॉर्ट केलं की अर्धा सेकंद उशिराची ओळ आधी येते, कारण आस्कीत (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) टिंबाचा क्रमांक ४६ आणि झेडचा ९०. (गंमत म्हणजे +०५:३० असतं तर क्रम बरोबर लागला असता; अधिक चिन्हाचा क्रमांक ४३. पण अशा नशिबावर विसंबू नये.) पायथनचं आयसोफॉरमॅट (वेळ मजकुरात लिहून देणारं फंक्शन) मायक्रोसेकंद नेमके शून्य असले की अपूर्णांक गाळून टाकतं, म्हणून चाचणीत हे सहसा सापडत नाही. त्याच्या टाइमस्पेक या पर्यायाला 'मिलिसेकंड्स' द्या. तीन अंक कायम राहतील.

जावा वापरत असाल तर तारखेच्या साच्यात वर्षासाठी लहान लिपीतला वाय (yyyy) लिहा. मोठा वाय आठवड्याचं वर्ष देतो आणि २९ डिसेंबर २०२५ च्या ओळीवर २०२६ छापतो.

यूटीसीचा खरा त्रास तुम्ही लिहिलाच नाहीत. तारखेनुसार फाइल बदलते ती आपल्या पहाटे साडेपाचला, म्हणून रात्री साडेबाराचा बिघाड आदल्या तारखेच्या फाइलमध्ये शोधावा लागतो. यूटीसीवरच राहणार असाल तर लॉग रोटेट करण्याचा (नवी फाइल सुरू करण्याचा) क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, यूटीसी १८:३० ला लावा. ती आपली मध्यरात्र.