डोक्याला लागलं असेल तर त्याला विचारूच नका

2014 च्या नोव्हेंबरमधला शांघायचा तो व्हिडिओ दर थोड्या दिवसांनी कुणीतरी फिरवतं आणि त्याखाली तेच जुनं भांडण नव्याने पेटतं. परवा पुन्हा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: फिगर स्केटिंगची कप ऑफ चायना स्पर्धा, पुरुषांची फ्री स्केट, म्हणजे दोन फेऱ्यांपैकी दुसरी, लांबची फेरी. त्याआधी सहा मिनिटांचा वॉर्मअप असतो आणि सगळा गट एकदमच बर्फावर उतरतो. फिगर स्केटिंगमध्ये बहुतेक उड्यांच्या आधी पाठमोरं, भरधाव जायचं असतं. मागून कोण येतंय ते दिसत नाही. जपानचा युझुरू हान्यू आणि चीनचा हान यान असेच एकमेकांवर आदळले. हान्यू तेव्हा 19 वर्षांचा, त्याच वर्षी फेब्रुवारीत सोचीला ऑलिम्पिक सुवर्ण घेतलेला. बर्फावर पडून राहिला तो. हनुवटी फुटून रक्त यायला लागलं, डोक्यालाही लागलं. थोड्या वेळाने पठ्ठ्या डोक्याला बँडेज गुंडाळून परत आला आणि साडेचार मिनिटांचा पूर्ण प्रोग्रॅम करून गेला. पाच वेळा पडला. पाचही वेळा उठून पुढची उडी घेतली.

आणि रौप्य पटकावलं! 'पाचदा पडलेल्याला पदक कसं?' हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो. उडी हवेत पूर्ण फिरून झाली असेल तर पडल्यावर गुण कापतात, पण तिच्या मूळ गुणांतला बराच भाग पदरात पडतोच. अवघड उडी पडून केलेली असली तरी काही वेळा सोपी उडी नीट केल्यापेक्षा ती फायद्याची ठरते. नियमच तसा आहे, परीक्षकांनी त्याला काही खिरापत वाटली नाही. हान यानही त्याच रात्री खेळला आणि सहावा आला, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं.

तर भांडण असं. एक गट म्हणतो, केवढा लढवय्या. दुसरा म्हणतो, सहानुभूतीसाठी नाटकं, लहान मुलांसमोर किती वाईट उदाहरण. माझं म्हणणं असं की दोघंही त्या पोराकडे बघतायत, आणि बघायला हवं होतं कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे.

डोक्याला मार बसलेल्या माणसाला 'खेळशील का रे?' असं विचारणं हाच मुळात चुकीचा प्रकार. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा त्यालाच दणका बसलाय. वर अंगात स्पर्धेची नशा असते, त्या वेळी वेदनासुद्धा नीट पोहोचत नाही. क्रिकेटवाल्यांना हे सांगायला नको. 2019 ला लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. त्याची तपासणी झाली, त्यात तो पास झाला, परत येऊन खेळला, 92 वर बाद झाला. त्रास जाणवायला लागला दुसऱ्या दिवशी. मग लाबुशेन त्याच्या जागी आला, कसोटीतला पहिला कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) बदली खेळाडू. म्हणजे मैदानावरच डॉक्टरांनी तपासून 'ठीक आहे' म्हटलेलं असतानाही असं होऊ शकतं. शांघायमध्ये तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची सोयच नव्हती, पुढची स्पर्धा काही मिनिटांवर. त्यामुळे डोक्याच्या बाबतीत माझं मत अगदी हुकूमशाही आहे: खेळाडूला विचारू नका, प्रशिक्षकालाही विचारू नका. ज्याचा कुठल्याही देशाशी संबंध नाही अशा डॉक्टरने नाव खोडावं, विषय संपला. (आपण अनिल कुंबळेचा अँटिग्वातला जबड्याला पट्टी बांधलेला फोटो अजून अभिमानाने शेअर करतो. मीही केलाय. तरीही.)

पण घोटा, गुडघा, पाठ यांचं गणित वेगळं आहे, आणि इथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांचा जास्त राग येतो.

हा खेळ वरून दिसतो नाजूक, चमचमते कपडे आणि व्हायोलिन. आतून मजुरीचं काम आहे. बहुतेक स्केटर डावीकडे गिरकी घेतात, त्यामुळे सहाच्या सहा प्रकारच्या उड्या एकाच पायावर, उजव्या, उतरतात. रोज, कित्येकदा, काही मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घेत. त्या वरच्या पातळीवर 'काहीच दुखत नाही' असा खेळाडू सापडणं कठीण. त्यांनी दुखणं घेऊन उतरायचंच नाही असं ठरवलं तर स्पर्धाच भरणार नाहीत. नोव्हेंबर 2017 मध्ये ओसाकाला सरावात हान्यूच्या उजव्या घोट्याचं लिगामेंट दुखावलं. तो महिनोन् महिने गायब होता, जपानची राष्ट्रीय स्पर्धाही खेळला नाही, आणि थेट फेब्रुवारीत प्याँगचांग ऑलिम्पिकला उतरला. पेनकिलर घेऊनच. तिथे सुवर्ण जिंकलं. पुरुषांमध्ये लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं याआधी डिक बटनची, 1948 आणि 1952 ची. तो जिंकला म्हणून तोंडं बंद झाली. सहावा आला असता तर 'जागा अडवली' हेच ऐकून घ्यावं लागलं असतं, लिहून घ्या.

कारण न जिंकणाऱ्याचं काय होतं ते रशियाच्या प्लुशेंकोला विचारा. सोची 2014, रशियाला पुरुष एकेरीत एकच जागा. राष्ट्रीय विजेता होता कोव्हतून, पण पाठवलं प्लुशेंकोला, वय 31, पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, चौथं ऑलिम्पिक. सांघिक स्पर्धेत त्याने देशाला सुवर्ण मिळवून दिलं. मग एकेरीच्या शॉर्ट प्रोग्रॅमच्या, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीच्या वॉर्मअपमध्ये एक ट्रिपल ॲक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) चुकीची उतरली, तो पाठ धरून पंचांकडे गेला, प्रेक्षकांना हात दाखवला आणि बाहेर पडला. घरच्या मैदानावर! पाठ फिरते न फिरते तोच शिव्या सुरू. जागा खाल्ली, आधीच ठरलेलं होतं, ढोंगी. आता मला सांगा, त्याने काय करायला हवं होतं? मोडक्या पाठीने उड्या घेऊन चारदा आपटला असता तर 'कशाला उतरला' म्हणालेच असते. दोन्हीकडून मार, ढोलकीसारखा.

जागेचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. 2006 ला अमेरिकेची स्केटर मिशेल क्वान मांडीच्या सांध्याजवळच्या दुखापतीमुळे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा खेळली नव्हती. तिने अर्ज केला, निवड समितीने तिचा सराव बघितला आणि तिला तुरिन ऑलिम्पिकला पाठवलं. राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आलेली एमिली ह्यूज घरी. तुरिनला पहिल्याच सरावात क्वानचं दुखणं उसळलं आणि तिने तिथल्या तिथे नाव मागे घेतलं. ह्यूज धावतपळत पोहोचली आणि सातवी आली. पाच वेळा जगज्जेती झालेली, ऑलिम्पिक सुवर्ण मात्र कधीच हाती न लागलेली बाई, शेवटची संधी, आणि तरी वेळेत बाजूला झाली. मला हे हान्यूच्या बँडेजपेक्षा मोठं वाटतं. पण याचे व्हिडिओ कोण फिरवणार?

आणखी एक. 'स्वार्थापोटी खेळतात' म्हणणाऱ्यांना बहुधा हे माहीतच नसतं की जागतिक स्पर्धेत देशाला पुढच्या वर्षी किती जागा मिळणार हे यंदाच्या क्रमांकांवर ठरतं. दोन चांगल्या खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज 13 किंवा त्याखाली असेल तर तीन जागा. 2018 ला मिलानच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या शोमा उनोचा पाय दुखावलेला होता. फ्री स्केटमध्ये तो पडत-धडपडत राहिला, तरी दुसरा आला. उतरला नसता तर मागच्यांच्या जागा धोक्यात होत्या. हान्यू तेव्हा घोट्यामुळे आलाच नव्हता. त्याच्या गैरहजेरीत बदली म्हणून संघात आला काझुकी तोमोनो, फारसं कुणी नावही ऐकलेलं नसलेला मुलगा, आणि थेट पाचवा! दोन अधिक पाच, सात. तीन जागा पक्क्या झाल्या. पुढच्या वर्षीची स्पर्धा जपानातच, सैतामाला होती. तिथे हान्यू परत आला, उनो होता, तनाका होता. तोमोनोला काही त्या संघात जागा मिळाली नाही.