अपडेट आलं आणि माझा ऱ्य गेला

काल आमच्या दुकानात 500 पॅम्फ्लेटं परत छापली, कागद आमचा, शाई आमची आणि शेठचं तोंड दिवसभर फुगलेलं. एका ट्रेकिंग ग्रुपचं काम होतं, "सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून" च्या जागी "दर्याखोर्यांतून" छापून गेलं. आता दर्या म्हणजे समुद्र हो, माणसं चढायला निघालीत की पोहायला! प्रूफ मीच वाचलेलं, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली.

पण ऐका तरी कसं झालं ते. गिरगावात 24 वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं टाइप करून लावायचं काम, करतेय. टायपिंगच्या मराठी 30 आणि 40 च्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या शब्दांच्या, परीक्षा खडखड मशीनवर दिल्या, तोच टाइपरायटर लेआउट पुढे कॉम्प्युटरवर मिळाला, म्हणून बोटांना कधी विचारावं लागलं नाही. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे 2025 ला, विंडोज 10 चा सपोर्ट संपला म्हणून शेठनी नवीन मशीन आणलं आणि त्यावर आमच्या मराठी सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकलं. दिसायला एकदम गोड, गोल गोल बटणं. आणि टाइपरायटर लेआउट गायब! ऱ्य चा शॉर्टकट होता तोही गायब. आता फोनेटिकमध्ये, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायच्या पद्धतीत, आर वाय ए मारलं की र्य येतो, सूर्यातला. मला हवा असतो नवऱ्यातला. लग्नपत्रिकेचा धंदा आहे, नवऱ्या, सासऱ्यांच्या, दुसऱ्या, सगळीकडे तोच लागतो, आणि आचाऱ्यांचे आचार्य झाले की स्वयंपाकीच गुरुजी होऊन बसतात.

सपोर्टला फोन केला. पोरगा म्हणाला, "मॅडम, फोनेटिक सोपंय, व्हॉट्सॅपवर करता ना तसंच." अरे बाबा, व्हॉट्सॅपवर मी "हो" आणि "निघाले" एवढंच लिहिते, इथे दिवसाला 20 पानं काढायची असतात. विंडोजमधलं इनस्क्रिप्ट आहे, म्हणजे मराठीचा वेगळा कीबोर्ड लेआउट, त्यात शिफ्ट जे, मग डी, मग स्लॅश केलं की ऱ्य येतो, हे मलाही माहितीये आणि शिकेनही, पण ऐन सीझनला 24 वर्षांची बोटं बदलायची कशी ते मात्र कोणी सांगत नाही.

खरा घोळ पुढेच आहे. जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खोक्यात बसवलेले मराठी आकार, फॉन्ट काढला की खाली नुसता कचरा दिसतो. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, करून देणारं एक बटण होतं, तेही काढलं. मंडळाचा अहवाल दरवर्षी गेल्या वर्षीच्या फाइलवरूनच निघतो, वर्गणीदारांची तीच नावं, आकडे तेवढे बदलायचे. आता ती फाइल उघडली की काळेकुट्ट किडे. कार्यकर्ते विचारतात, "ताई, गेल्या वर्षी तर तुम्हीच केलं होतं ना?" काय सांगू?

बरं, हे आमच्यासारख्या छोट्या सॉफ्टवेअरचंच आहे असं नाही. 2012 ला विंडोज 8 मधून स्टार्ट बटण काढलं होतं, लोकांनी एवढी बोंब मारली की पुढच्या वर्षी 8.1 मध्ये परत लावावं लागलं. 2021 ला विंडोज 11 आलं तेव्हा टास्कबार वर किंवा बाजूला नेता येत नव्हता, आधी इतकी वर्षं येत होता. आणायचं ते आणा ना नवीन, मी कुठे नको म्हणते, पण जुनं एका कोपऱ्यात टिक करायला ठेवलं तर काय बिघडतं? म्हणे "फारसं कोणी वापरत नाही". आम्ही कामात असतो म्हणून आमचा आवाज नसतो एवढंच.

तर मुद्द्याचं. जुनं मशीन मी भंगारात जाऊ दिलेलं नाही, नेटची वायर काढून टेबलाखाली ठेवलंय, वर चिकटवलंय "अपडेट करू नये". पण त्याची हार्ड डिस्क आता कटकट आवाज करायला लागलीये. कोणाकडे जुन्या व्हर्जनची सीडी असेल तर इनबॉक्स करा, डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली, आहे माझ्याकडे, ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून जपून ठेवलाय.