आठवी पास

काकांनी ग्रुपवर पुन्हा तेच टाकलंय. ‘एकदा नापास झालं की अक्कल येते. आमच्या वेळी यायची.’ खाली २१ अंगठे.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानं आपल्या शाळांपुरतं पाचवी-आठवीत पुन्हा नापास करायचं ठरवलं. महाराष्ट्रानं तर २०२३ मध्येच नियम बदलले होते. पण तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपला ऊत आलाय. ढकलगाडीनं पोरं वाया गेली म्हणे. काकांची दोन्ही मुलं कधीच नापास झाली नाहीत. त्यांना अक्कल कुठून आली, हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी आमची केरवोखे होती, म्हणजे बिल्डिंगचा जिना झाडायपुसायची पाळी. जिना अर्धा पुसून तिथंच पायरीवर बसले आणि लांबलचक उत्तर लिहिलं. इथं जर्मनीत सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेलं पोर आउसबिल्डुंगला, म्हणजे कामावरच्या प्रशिक्षणाला लागतं. मशीनवर काम शिकायचं तर साडेतीन वर्षं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे कारखान्यात, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. आमच्या प्लांटमधले आझुबी, म्हणजे असे शिकाऊ, कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर जेवतात, त्यांना कोणी ‘वाया गेलेला’ म्हणत नाही. शाळा हुकली तरी शुलफ्रेम्डनप्र्यूफुंग या परीक्षेला बाहेरून बसता येतं, हेही ऐटीत लिहिलं, जसा काही आपल्याकडे बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म नसतोच.

काकांचं उत्तर एका ओळीचं. ‘तुम्ही लोक तिकडे बसून बोलता.’

तुम्ही लोक. मी नाशकातल्या सिडकोत वाढले. स्टुटगार्टजवळ राहून १४ वर्षं झाली, अजून स्वप्नात त्रिमूर्ती चौक येतो. आणि तिकडे बसून म्हणजे काय? ज्यावर बोलतेय ते आमच्याच घरात घडलंय.

सगळा वाद पाचवी-आठवीचा चाललाय, कारण शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. २०१९ ची दुरुस्ती झाली, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववी त्या कुंपणाच्या बाहेर. आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर कच्ची मुलं नववीतच गाळायची, हे नाशकातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ठाऊक आहे.

१९९९ मध्ये आमच्या पप्याला, माझ्या धाकट्या भावाला, असंच गाळलं. तेव्हा हा कायदाही नव्हता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले, मीही सोबत होते. मुख्याध्यापक म्हणाले, ‘पोरगं वाईट नाही हो. पण आमच्या निकालाचं बघावं लागतं. दाखला काढून घ्या, सतरा नंबर भरा.’ बाबा ‘बरं सर’ म्हणाले. येताना फाटकावर आदल्या वर्षीचा कापडी फलक अजून लटकत होता: निकाल १०० टक्के, खाली गुणवंतांची नावं. तिसरं माझं. बाबा सायकलचं कुलूप काढेपर्यंत मी तो वाचत उभी होते. पप्या कॅरिअरला धरून उभा होता.

सतरा नंबर त्यानं दोनदा भरला, दोन्हीदा गणितात गेला. टर्नरच्या आयटीआयला दहावी लागते, म्हणून अंबडला एका गाळ्यात हेल्पर लागला. पुढं गंगापूर रोडच्या मुक्त विद्यापीठाची पदवीआधीची पूर्वतयारी परीक्षा पास झाला, त्याचे पेढेही आले होते. मग नाइट शिफ्ट लागली आणि एफवाय तिथंच राहिलं. ‘मुक्तची डिग्री’ हा काकांचा आवडता विनोद. ती संधीही त्यानं त्यांना दिली नाही.

गेल्या दिवाळीत त्याच्या शॉपवर तासभर बसले होते. मशीनमधून जॉब काढायचा, हवा मारायची, कडेवरून अंगठा फिरवून बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, लागते का बघायचं, मायक्रोमीटर लावायचा. ‘वीस मायक्रॉन जास्ती,’ म्हणाला, आणि तोंडी हिशेब करून ऑफसेट टाकला. पुढचा जॉब बरोबर. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘तू तिकडे जर्मनीत असतास ना, तर माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर झाला असतास.’

‘भाषा आली असती का मला?’ त्यानं विचारलं आणि पुढचा बार चकमध्ये लावला.

त्याला स्वतःचा गाळा हवाय, भाड्याचा का होईना. सेकंडहँड व्हीएमसी मशीन बघून ठेवलीय. पीएमईजीपी या सरकारी रोजगार योजनेचं कर्ज काढणार. त्यात दहा लाखांच्या वरच्या कारखान्याला शिक्षण लागतं आठवी पास. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यानं आठवीचं प्रगतिपुस्तक काढून दाखवलं, पिवळं पडलेलं. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडलाही आठवीच चालते. शाळेनं टाकून दिलेल्या पोराच्या हातात उरतो तो एवढा कागद. काकांना पोरं अडवायची आहेत ती नेमकी त्याच यत्तेत.

बरं, शाळेला पोरं नकोशी होतात ती काही नापास झाल्यामुळेच असं नाही. २०२२ मध्ये इगतपुरीतल्या दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा तिथली मुलं बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर आली होती. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ ती बातमी मी ग्रुपवर टाकली होती. तेव्हा तीन अंगठे आले. तिकडे बसून बोलते म्हणून कोणी म्हणालं नाही, कारण कोणी काहीच म्हणालं नाही.

हे सगळं काकांना सुनवायला मी दोन दिवस मनात जुळवत होते. पण एक गोष्ट ग्रुपवर कोणालाच सांगितलेली नाही. माझा मुलगा ओजस चौथीत आहे. नोव्हेंबरात त्यांची कोम्पास ही चाचणी झाली, फेब्रुवारीत शाळेतून पुढच्या शाळेच्या शिफारशीचा कागद आला. विद्यापीठाकडे नेणारं जिम्नॅशियम नाही, मधली रिआलशूल. बाईंनी फार गोड आवाजात समजावलं. मीही मान डोलावली, अगदी बाबांसारखी. रात्री नवऱ्याला म्हटलं, मोठ्या आडनावाच्या मुलांना बरं मिळतं जिम्नॅशियम. मग आठवलं की वर्गातल्या ज्या दोघांना सगळ्यात खालची हाउप्टशूल आली, त्यांच्या आयांशी एलटर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, मी कधी धड बोललेही नव्हते.

शेवटी पप्याला फोन केला. मागं मशीन चालू होतं. त्याला दोनदा सांगावं लागलं.

‘किती वर्षांचा गं तो?’

‘दहा.’

त्यानं मशीन बंद केलं. ‘म्हणजे ताई, तिकडे नववीपर्यंतसुद्धा थांबत नाहीत?’

काकांचा आज नवा मेसेज आहे. ‘ओजसचं काय झालं मग?’ मी तो उघडलाय, त्यामुळं त्यांना निळ्या खुणा दिसत असणार.