डावी बाजू फुकट

थंडी पडली की आपल्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात सिंचननगरच्या मैदानावर भीमथडी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस, आणि मधल्या दिवसांत प्रत्येक उपनगरात कुणा ना कुणाचा भव्य खाद्यमहोत्सव, ज्याच्या कमानीवर खाद्यापेक्षा आयोजकांचेच फोटो जास्त. अशा ठिकाणी कूपन काढून, रांगेत उभं राहून, कागदी डिशमधली पुरणपोळी गुडघ्यावर तोलत खाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. त्यांच्या जिवावर जत्रा चालते आणि जत्रा चालते म्हणून आपण जेवतो.

आपण म्हणजे तुम्ही आणि मी. लाजू नका. 'चव बघा ना काका' असं कुणी म्हटलं की तुमचा हात पुढे होतो आणि पाय मात्र पुढच्या स्टॉलकडे वळलेले असतात, हे मी मागच्या वर्षीच हेरलं होतं. तुमच्यात गुण आहेत, पण शिस्त नाही. तुम्ही चव घेता, जेवत नाही.

मूळ घोटाळा समजून घ्या. आपल्या पानाला डावी-उजवी असते. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, उसळ, आमटी; मध्ये भाताची मूद. डावीकडचं बोटाएवढं वाढायचं, उजवीकडचं पोटभर. जत्रेतला सगळा व्यवहार नेमका याच रेषेवर उभा आहे. डावी बाजू फुकट आणि उजवी विकत! नवखा माणूस आत शिरतो तो हर्षवायू झाल्यासारखा अकरा लोणची, नऊ चटण्या आणि सहा ठेचे चाटतो, आणि जेवलो एकदाचे असं समजून घरी येतो. मग रात्रभर माठ आणि तो. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. लोणच्यांच्या रांगेत हा कोटा मावळ ओलांडायच्या आत संपतो, कोकण तर पुढेच असतं.

तेव्हा फुकट जेवायचं म्हणजे उजवी बाजू फुकट मिळवायची. ते जमतं. मला जमलं आहे.

आधी पिशवी. रिकाम्या हातानं फिरणारा माणूस स्टॉलवाल्यांना लांबून कळतो. कापडी पिशवी घ्या, तीही मागच्या वर्षीच्या कुठल्या तरी जत्रेची, नाव छापलेली. आत दोन दिवसांचे पेपर चुरगाळून भरा आणि वर मेथीची जुडी दिसेल अशी ठेवा. जुडी घरून न्या. मेथीमुळे माणसाला एक प्रकारची विश्वासार्हता येते. ज्यानं एवढ्या उन्हात मेथी घेतली, तो दोन पापड तर घेईलच, असं समोरच्या मावशींना वाटतं. वाटू द्या.

वेळेला महत्त्व आहे. सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी झालेली नसते आणि भवानीच्या आधी फुकट खाणाऱ्याकडे बाई ज्या नजरेनं बघते, त्या नजरेला उतारा नाही. संध्याकाळी गर्दीत हात पोचत नाहीत. दुपारी बारा ते दोन उत्तम. गिऱ्हाईक तुरळक असतं, माणसं कंटाळलेली असतात, बोलायला कुणी तरी हवं असतं.

बोलायचं काय, तर नुसतं 'हे काय आहे?' विचारू नका. त्यानं एकच चव मिळते. 'ह्या कांदा-लसूण मसाल्यात आणि त्या तिखटात फरक काय हो?' असं विचारा. फरक शब्दांत सांगता येत नाही, तळहातावरच द्यावा लागतो. थोडा अभ्यासही असू द्या. तांदळाच्या स्टॉलवर 'आजरा घनसाळ आहे का?' म्हणा, कडधान्यांपाशी कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची चौकशी करा, हळद दिसली की 'वायगावची का?' असं चष्म्यावरून बघत म्हणा. या तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे हे पाहून शेतकऱ्याचा चेहरा जो उजळतो तो मी वर्णन करू शकत नाही. बिचारा कुकर उघडून वाफाळता भात काढतो. चमचाभर का होईना, पानाच्या मध्याची सोय झाली. त्या भातावर तूप हवं असेल तर चौथ्या स्टॉलवर देशी गाईचं असतं. तिथला मुलगा मनगटाच्या मागं तूप चोळून वास घ्यायला लावतो. मनगट पुढे करू नका, भाताचा द्रोण पुढे करा.

आता भाकरी-पोळीचा प्रश्न, ज्यापाशी भलेभले अडतात. बचत गटांच्या रांगांत पोळी फुकट मिळणार नाही. त्यासाठी जत्रेच्या टोकाला, संडासांच्या अलीकडे, जिथं कुणी जात नाही तिथं जा. तिथं तवेवाला उभा असतो. कानाला माइक, गळ्यात ॲप्रन, समोर निर्लेप तवा. 'बघा ताई, थेंबभर तेल नाही, डोसा कसा सुटतो!' असं म्हणत तो दिवसभर डोसे सोडवत असतो आणि सोडवलेल्या डोशांचं काय करायचं हे त्याच्या कंपनीनं ठरवून दिलेलं नसतं. ते आपण ठरवायचं. शेजारी स्लायसरवाला सापडेलच. तो गाजर, काकडी, कोबी यांचा ढीग पाडत असतो आणि त्याचं लक्ष फक्त पात्यावर असतं. कोशिंबीर झाली. मसाल्याच्या स्टॉलवर औषधाच्या टोपणाएवढ्या कपात रस्सा देतात, त्यात डोसा बुडतो. मी मापून सांगतो, सहा कप म्हणजे एक वाटी.

इथं जाता जाता एका आजोबांना दंडवत. गेल्या वर्षी चटण्यांच्या रांगेत माझ्या पुढं होते. पांढरा सदरा, गांधी टोपी, हातात छत्री. प्रत्येक स्टॉलवर नम्रपणे थांबत, 'जवसाची दाखवता का थोडी?' म्हणत. जवस, कारळं, तीळ, सोलापूरची शेंगदाण्याची. चटणी तळहातावर आली की सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली घरची घडीची पोळी काढत, चतकोर तोडत, आणि पोळी परत खिशात. मी इतकी वर्षं तवेवाल्यामागं धावत होतो आणि हा माणूस कोरडवाहू शेतीचं शहाणपण खिशात घेऊन फिरत होता. गोडाच्या रांगेपाशी त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला तेव्हा मी श्वास रोखला. दातकोरणी निघाली.

पोट भरल्यासारखं वाटलं तरी थांबू नका, ते फसवं असतं. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोग करून दाखवलं की एकाच प्रकारचं सँडविच देण्याऐवजी चार प्रकारची दिली तर माणसं साधारण एक तृतीयांश जास्त खातात. जीभ एका चवीला कंटाळते, पोट नव्हे. आपल्याकडे लग्नात जिलबीनंतर मठ्ठा वाढणाऱ्यांना हे प्रयोगाशिवाय कळलं होतं. म्हणून रांग सोडून उड्या मारत खा: लोणच्यानंतर काकवी, काकवीनंतर नाचणीचा पापड, पापडानंतर आंबापोळी, मग पुन्हा लोणचं. ठेचा लागलाच तर पाणी पिऊ नका, मिरचीतला जो जाळणारा अंश असतो तो पाण्यात विरघळत नाही. ताकाचा नाही तर दुधाचा स्टॉल गाठा. तिथंही चवीला देतातच.

आणि मन खात असेल, तर शास्त्राचा आणखी एक आधार घ्या. अमेरिकेत शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी एका किराणा दुकानात मुरंब्यासारख्या जॅमचा स्टॉल मांडला होता; २००० साली त्यांचा शोधनिबंध आला. स्टॉलवर २४ जॅम ठेवले तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांतले ६० टक्के थांबले, पण थांबलेल्यांपैकी घेतलं फक्त ३ टक्क्यांनी. सहाच ठेवले तेव्हा थांबले ४० टक्के, पण त्यातल्या ३० टक्क्यांनी घेतलं. म्हणजे स्टॉलवर जास्त बरण्या मांडल्या तर आपण न घेणं हा आपला दोष नाही, बरण्यांचा आहे. त्या निबंधात मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. ते लोक सरासरी दीडच जॅम चाखत होते. चोवीस समोर असताना दीड! आमच्या सोसायटीतल्या काकूंना तिथं उभं केलं असतं तर निष्कर्षच बदलला असता.

उन्हाळ्यात सराव सोडू नका. पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात हापूसची फोड चाखायला मिळते. 'कर्नाटकचा तर नाही ना?' असं संशयानं विचारलंत की बागायतदार दुखावतो आणि दुसरी फोड कापतो. त्याला अजून दुखवता येतं, पण तीन फोडींवर थांबावं, असं माझं मत आहे. माणसानं मर्यादा पाळावी.

निरोप घेण्याचं वाक्य तुम्हाला येतंच: 'एक फेरी मारून येतो.' मराठीत याच्याइतका सभ्य नकार दुसरा नाही. यात 'नको' नाही, 'महाग आहे' नाही, 'आवडलं नाही' तर नाहीच. वर 'कार्ड आहे का?' विचारा. कार्ड संपलेली असतात, मग स्टॉलवरच्या मावशी पाठकोऱ्या कागदावर नंबर लिहून देतात. कागद घडी घालून वरच्या खिशात, हृदयापाशी ठेवा. माझ्याकडे असे एकतीस आहेत.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एका धोक्याची सूचना देणं माझं कर्तव्य आहे. गेल्या डिसेंबरात तिसऱ्या रांगेत, कोपऱ्यावर, ठेच्याचा एक स्टॉल होता. मंगळवेढ्याकडच्या बाई, डोक्यावर पदर, एकट्याच. मी हिरवा घेतला, लाल घेतला, जवस घालून केलेला घेतला, आणि फरक नीट कळावा म्हणून हिरवा पुन्हा घेतला. त्या काउंटरमागं खोक्यावर बसून जेवत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, 'दादा, नुस्ता नका खाऊ, पोटात आग पडंल.' आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मालदांडी ज्वारीची. सकाळी थापलेली, तरी मऊ. वीस वर्षांत जत्रेतली उजवी बाजू मला न मागता मिळाली ती त्या एकदाच.

खाताना माझी नजर काउंटरवरच्या वहीवर गेली. गटाची वही होती, रेघा पट्टीनं मारलेल्या. गाडीभाडं, पिशव्या, चहा, आणि खाली एक रकाना, 'चवीला'. पहिला दिवस पाव किलो. दुसरा अर्धा किलो. तिसरा अर्धा किलो. चौथ्या दिवसापुढं नुसती रेघ होती. तो चौथा दिवस होता.

'आणखी देऊ का?' त्यांनी विचारलं.

'नको, एक फेरी मारून येतो,' मी म्हणालो. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

'या की,' त्या म्हणाल्या. 'हिरवा आवडला न्हवं तुम्हाला? शेवटच्या दोनच पुड्या राहिल्यात. एक ठेवते काढून.' आणि खरंच एक पुडी उचलून त्यांनी त्या वहीवर ठेवली, वजन ठेवावं तशी.

मी फेरी मारली. सरबत घेतलं, आवळ्याची सुपारी घेतली, तवेवाल्याला नमस्कार केला. पुढच्या गेटकडं जाणारा रस्ता तिसऱ्या रांगेवरूनच जातो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. लांबून पाहिलं तर एक गिऱ्हाईक त्या पुडीकडं बोट दाखवत होतं आणि बाई मान हलवून नाही म्हणत होत्या.

म्हणून सांगतो, यंदा जत्रेत शिरलात की पिशवी, मेथी, वेळ हे सगळं नंतर. आधी मागचं गेट कुठं आहे ते बघून ठेवा. भीमथडी असो की कुठली असो, असतंच. टेम्पो लागतात तिथं.