हिशोब मीच केला होता

आमच्या दिंडोरीकडच्या दीड एकर द्राक्षबागेवर गेल्या आठवड्यात करवत फिरली. थॉमसन जातीची, डॉगरिज नावाच्या खुंटावर (दुसऱ्या जातीच्या मुळावर) कलम केलेली, नानांनी २००८ साली लावलेली. बागेचं वय झालं की माल घटतो, काडी कमजोर निघते. खर्च मात्र तोच: एप्रिलची खरड छाटणी (नव्या काडीसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), मधल्या फवारण्या. अवकाळीची धास्ती वेगळीच.

दोन वर्षं मी ही बाग एक्सेलमध्ये जगवली. राहायला नाशिकच्या गंगापूर रोडला, नोकरी लोकांचे हिशोब तपासायची, रविवारी मळ्यात. पहिल्यांदा किलोला ३० रुपये धरले, बाग तोट्यात. मग म्हटलं निर्यातीचा भाव धरू, ५० टाकले. तरी जमेना, तेव्हा नानांची आणि आईची मजुरी शून्य केली. झाला की फायदा! रात्री साडेअकराला खूश होऊन झोपलो. दुसऱ्याच्या वहीत असली आकडेमोड दिसली असती तर लाल शेरा मारला असता.

तेव्हापासून डोकं आणि मन भांडतात हे मला पटत नाही. मन निकाल आधीच देऊन बसलेलं असतं, डोकं नुसतं त्याचं वकीलपत्र घेतं. जितकं शिक्षण जास्त, तितका वकील महागडा. बरं, मनाला बाजूला सारूनही भागत नाही. मेंदूशास्त्रज्ञ अँटोनियो दामासिओ यांचा एक रुग्ण होता. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा, बुद्धी शाबूत, भावना बोथट. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा सुचवल्या, तर गडी जवळपास अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटेच मोजत बसला.

शेवटी शीट नानांना दाखवली. मला वाटायचं, त्यांचा जीव बागेत अडकलाय, म्हणून मी थांबलोय. (हाही वकिलाचाच मुद्दा.)

नानांनी एकदाच वरून खाली पाहिलं. "तुझ्या आईची मजुरी कुठंय?"

मी गप्प.

"काढ बाग. म्हातारी झाली ती."

करवत सुरू झाली तेव्हा मी बांधावर, पाठ करून उभा. नाना मांडवाच्या तारांची वेटोळी करत होते, लोखंडी अँगल मोजत होते. मनगटाएवढी खोडं त्यांनी चुलीसाठी वेगळी काढली.

"तारेला भंगारात काय भाव येईल, बघ जरा मोबाईलवर."

बघितला. ३२ होता. मी ३५ सांगितला.