जमलं नाही का तिकडे?

आज सकाळी मला एका फोटोत टॅग केलंय. गेल्या रविवारी टोकियोत कोमात्सुगावाच्या साकुराखाली (चेरीच्या फुललेल्या झाडांखाली) काढलेला. वर लिहिलंय, 'जीवाभावाचे जुने मित्र, इतक्या वर्षांनी तीच धमाल!' मी मधोमध, हातात कागदी प्लेट. ते वाचलं आणि डोकंच फिरलं. दोन महिने गप्प बसलेय, आता लिहितेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१२ मध्ये आम्ही टोकियो सोडून पुण्याला गेलो आणि या हिवाळ्यात परत आलो. टोकियोतल्या त्याच निशी-कासाई भागात. जुनी गँग बरीचशी इथेच आहे. म्हटलं, चला, निदान माणसं तरी नव्याने जोडायला नकोत.

तर पहिला फोन. 'अगं, परत? जमलं नाही का तिकडे?' दुसरा फोन, तेच. तिसरा जरा हुशार, त्याने येनवरून सुरुवात केली. म्हणे तुम्ही गेलात तेव्हा डॉलरला ८० येन होते, २०२४ मध्ये १६० च्या वर गेले होते, म्हणजे येन निम्म्यावर आला, मग आत्ता कशाला आलात? जसं काही मी पेपर वाचतच नाही. मग पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा हिशोब. 'थांबला असतात तर एव्हाना हातात असतं, आता दहा वर्षांचं मीटर पुन्हा शून्यावर.' आणि जाताना पेन्शनचे पैसे काढून घेतले होते ना, म्हणजे ती वर्षंही पुसली गेली, हे मला तिघांनी वेगवेगळं समजावून सांगितलं. बाबांनो, फॉर्मवर सही मीच केली होती! कुणी विचारलं का, सासऱ्यांचं शेवटचं वर्ष कसं गेलं? मुलगी इथल्या शाळेत रुळली का? नाही. ऑडिट मात्र चोख.

पण खरा राग याचा नाहीच. खरा राग त्या फॉर्मचा आहे.

घर भाड्याने घ्यायचं होतं. यूआर या सरकारी संस्थेच्या घरांना जामीनदार लागत नाही, पण शाळेजवळ एकही रिकामं नव्हतं. खासगी एजंटाने फॉर्म पुढे केला. त्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा रकाना. जपानात राहणारं एक माणूस, नाव, पत्ता, फोन. जामीन नाही, पैशाची जबाबदारी नाही. नुसतं नाव! मी फोन लावले. 'ह्यांना विचारून सांगते.' 'आमच्या कंपनीत असलं चालत नाही गं.' (कंपनीचा काय संबंध?) 'बघतो, उद्या कळवतो.' तो उद्या अजून उजाडायचाय. इकडे एजंटाचा रोज फोन, आणि आम्ही बॅगांसकट हॉटेलात.

आणि ही माणसं कोण? ११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला, गाड्या बंद पडल्या, तेव्हा ओतेमाचीच्या ऑफिसांतून नदीवरचे पूल ओलांडत चालत माझ्या दारात आलेली हीच माणसं. गॅस आपोआप बंद झाला होता. बाहेरच्या मीटरचं बटण दाबून तीनेक मिनिटं थांबायचं असतं, मग दिवा लुकलुकायचा थांबतो आणि गॅस येतो, हे मला शेजारच्या आजींनी दाखवलं. त्या रात्री कढईभर पिठलं झालं. कोण कुठे झोपलं होतं, आठवत नाही. कुणाचा इमर्जन्सी कॉन्टॅक्ट कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

बरं, मान्य. एकाने मागे असंच कुणाला नाव दिलं होतं, तो भाडं बुडवून देशात पळाला आणि एजन्सीचे फोन याला. भीती खरी असते. प्रत्येकाच्या डोक्यावर ३५ वर्षांचं गृहकर्ज, मुलांच्या शिकवण्या, गावाकडे म्हातारे आई-बाप. सकाळी तोझाई मेट्रो लाइनमध्ये किबा स्टेशनच्या पुढे माणसाचा भुगा होतो, २०१९ मध्ये तिथली गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती. रात्री घरी येऊन कुणाचा फोन घ्यावासा वाटत नसेल, कळतं मला.

कळतं हो. पण साकुराला वेळ मिळतो, फोटोला मिळतो, 'जीवाभावाचे' लिहायलाही मिळतो. एक पत्ता लिहून पाठवायलाच तेवढा मिळत नाही?

नाव शेवटी कुणी दिलं? सोलापूरकराने. जुन्या लोकांना माहीत आहे, त्याचं-माझं कधी पटलं नाही. गणपतीच्या वर्गणीवरून आम्ही भांडलोय, भाषेवरून भांडलोय. २०११ मध्ये त्याच मार्चात टोकियोच्या नळाच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं, तान्ह्या मुलांना देऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा दोन लिटरची बाटली आणून दिली आणि वर 'एवढं काय घाबरायचं' म्हणून लेक्चर झाडलं, तोच हा. त्याला मी फोनही केला नव्हता. त्याचाच मेसेज आला: 'फॉर्मचा फोटो पाठव. जन्मतारीखही लागेल. आणि नावाचं स्पेलिंग नीट लिही, मागे पूजेच्या पावतीवर चुकवलं होतंस.' झालं. का आलात, किती पगार, काही नाही.

भांडला मात्र नंतर. घर पहिल्या मजल्यावर, म्हणजे आपला तळमजला. आपल्या एदोगावा वॉर्डाच्या २०१९ च्या पूर-नकाशावर स्वतः वॉर्डानेच छापलंय, 'इथे थांबू नका', आणि तू तळमजला घेतेस? पाऊण तास बडबडला. बरोबरच होतं त्याचं, पण भाडं वरच्या मजल्याचं परवडत नव्हतं.

आता मे महिन्यात त्याची आई येतेय. त्याने मला विचारलं नाही, सांगितलं: 'दिवसा तुझ्याकडे असेल, तिला मराठी बोलायला माणूस लागतं. गुडघे दुखतात, फार चालवू नकोस.' तर ग्योसेन पार्कातल्या फुकटच्या प्राणिसंग्रहालयात नेईन म्हणतेय, लाल पांडा बघायला. सोमवारी बंद असतं, मंगळवारी जाऊ. ज्यांना यायचंय त्यांनी या, डबा आपापला आणा.